सूर कुठल्या नळीचा

विशाखा नरवाडेच्या तासाला मागची बाकं कधी रिकामी राहत नसत. नांदेडच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात ज्वलन हा विषय ऐच्छिक होता आणि अवघड म्हणून बदनामही होता, तरी शेवटच्या वर्षाची पोरंपोरी दर साली तो घेत. मॅडम वर्गात आग पेटवून दाखवतात, हे त्यांना आधीच्या पोरांनी सांगितलेलं असे.

जानेवारीतल्या त्या सकाळी तिनं टेबलाशेजारी स्टँडवर एक लोखंडी पाइप उभा केला होता. पाइपच्या आत, खालच्या बाजूला, तारेची जाळी बसवलेली. तिनं खालून गॅसचा बर्नर धरला, जाळी लालबुंद होऊ दिली आणि बर्नर काढून घेतला. क्षणभर काहीच झालं नाही. मग पाइप घुमायला लागला. बारीक सुरुवात झाली आणि बघता बघता खिडक्यांची तावदानं थरथरली. शेजारच्या वर्गातले सर दारातून डोकावून गेले.

तिनं पाइप उचलून आडवा केला. आवाज बंद. पुन्हा उभा केला. आवाज सुरू. वर्ग हसला.

"हसू नका, विचार करा," विशाखा म्हणाली. "आत भोंगा नाही, पिपाणी नाही. नुसती गरम जाळी आणि हवा. नळीतली हवा झोक्यासारखी मागंपुढं झुलते. झोक्यावरच्या पोराला भलत्या वेळी ढकललं तर झोका थांबतो. ऐन वेळी ढकललं तर तो चढत जातो. जाळी हवेला ऐन वेळी उष्णतेचा धक्का देते, दर फेरीला. नळी आडवी धरली की हवा वर चढेना, धक्का बसेना, झोका मेला."

"मॅडम, ह्याचा फायदा काय?" नायगावच्या वर्षाराणीनं विचारलं. ही पोरगी प्रत्येक तासाला हा एक प्रश्न विचारायचीच. विशाखाला ते आवडायचं.

"फायदा नंतर. आधी तोटा बघ. हेच रॉकेटच्या इंजिनात झालं तर रॉकेट फुटतं. मोठमोठ्या भट्ट्या ह्यानं तडकल्या आहेत."

हेच तिच्या संशोधनाचं काम होतं. चेन्नईला पीएच.डी. करताना ज्वाळा आणि हवा एकमेकींना कशा चिथावतात, यावर तिनं पाच वर्षं घालवली. पुढं तिथंच राहा, परदेशी जा, असे सल्ले खूप मिळाले. ती नांदेडला परत आली. "तिकडं जाऊन काय संशोधन करणार?" असं ज्यांनी विचारलं, त्यांना तिनं तोंडी उत्तर दिलं नाही. कॉलेजच्या वर्कशॉपमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिनं तुरीच्या तुराट्या आणि कापसाच्या पऱ्हाट्या कमी हवेत जाळून त्यांचा गॅस करायला घेतला. लोक ज्या काड्या बांधावर पेटवून देत, त्यांच्यावर तिचे सहा शोधनिबंध छापून आले होते.

तास संपला तेव्हा फोनवर मन्मथचे चार कॉल येऊन गेलेले दिसले.

मन्मथ तिचा जुना विद्यार्थी. मुरुडचा. काही वर्षं पुण्यात नोकरी करून तो परत आला आणि लातूरच्या औद्योगिक वसाहतीत त्यानं छोटं वर्कशॉप टाकलं. तुराट्यांच्या गॅसवर चालणारा बर्नर हा त्याचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता, विशाखाच्याच हाताखालचा. आता तोच बर्नर मोठा करून त्यानं भट्टीसकट एका डाळमिलच्या ड्रायरला बसवला होता. पहिलंच मोठं काम. नकाशा विशाखानं स्वतः तपासून दिला होता.

"मॅडम," त्याचा आवाज बसला होता, "भट्टी ओरडून राहिली."

"म्हणजे?"

"ऐका." त्यानं फोन तसाच धरला. पलीकडून असा आवाज आला की विशाखानं फोन कानापासून लांब केला. खोल, एकसुरी, छातीत शिरणारा. "वर्कशॉपात गप होती. हितं बसवल्यापासून पेटवली की हेच. मिलमधल्या बायका म्हणून राहिल्यात, रेडा रेकतोय. परवा अस्तराच्या दोन विटा तडकल्या. मालक म्हणतात, सोमवारी डिझेल बर्नरवाल्या कंपनीचा माणूस येणार हाय. तुझं हे भंगार उचल."

"आज बुधवार. त्या आवाजाचं नीट रेकॉर्डिंग पाठव. भट्टीची मापं पाठव. आणि विटांचा फोटो."

दुपारपर्यंत सगळं आलं. फोनवरच्या अॅपनं आवाजाची पट्टी दाखवली: सेकंदाला एकसष्ट कंपनं. विशाखानं भट्टीची लांबी घेतली, आतलं तापमान धरलं, हिशेब मांडला. उत्तर साठच्या आसपास आलं. तिनं पेन खाली ठेवलं. भट्टीची पोकळीच घुमत होती, वर्गातल्या पाइपसारखी. यावर उपायही ठरलेला: भट्टीला बाजूनं एक तोंडबंद नळी जोडायची, बरोबर मापाची. घुमणाऱ्या हवेची ताकद ती नळी पिऊन टाकते.

"नळी बनवून ठेव," तिनं मन्मथला माप सांगितलं. "शुक्रवारी येते. वर्ग घेऊन येते."

"वर्ग कशाला मॅडम? आधीच मालक..."

"पुस्तकातलं चित्र त्यांनी पाच वेळा पाहिलंय. खरं एकदा पाहू दे."

कॉलेजच्या बसमधून बावीस जण निघाले. लोहा मागं पडलं, अहमदपूरला चहा झाला, आणि लातूर येईपर्यंत पोरांनी भट्टी गप झाल्यावर कुठं जेवायचं हेही ठरवून टाकलं.

डाळमिल गुरुबसप्पांची. पासष्टी उलटलेले, कपाळावर विभूती, पांढरं धोतर. सगळे त्यांना आप्पा म्हणत. उदगीरकडचं घराणं, त्यामुळं बोलता बोलता कानडी शब्द यायचा. त्यांच्या मिलची गच्ची केवढी तरी मोठी. तेल-पाणी लावलेली तूर तिथं उन्हात वाळवायची, ही पिढीजात रीत. पण गेली दोन-तीन वर्षं ऐन हंगामात आभाळ भरून यायचं आणि माल ओला राहायचा. म्हणून ड्रायर, आणि म्हणून मन्मथ.

"या मॅडम," आप्पा म्हणाले. मागं उभी पोरं पाहून त्यांच्या भुवया चढल्या. "एवढी वरात?"

"माझा वर्ग आहे, आप्पा. कुणी कशाला हात लावणार नाही."

"लावा की. बिघडायचं काय राहिलंय?" ते हसले, पण हसण्यात ओलावा नव्हता. "पोरगं चांगलं हाय. आमच्या संत मन्मथस्वामींचं नाव हाय त्याचं, म्हणून भरोसा टाकला. पण माझ्या बाया ड्रायरपाशी जाईनात. साहेबराव, चालू करून दाखव."

साहेबराव ड्रायर चालवायचा. त्यानं कानात कापसाचे बोळे घातले, गॅस सोडला, पेटवलं. आणि रेडा रेकला.

फोनवर ऐकलेलं काहीच नव्हतं. पायाखालची फरशी हलत होती. वर्षाराणीनं दोन्ही कान झाकले. पत्र्याच्या भिंतीवर टांगलेली पाण्याची बाटली नाचत नाचत खिळ्यावरून खाली पडली. कोपऱ्यात डाळ निवडत बसलेल्या बायका पदर सावरत बाहेर गेल्या. एका पोरानं फोनवर मोजणी घेतली: एकसष्ट.

विशाखानं बंद करायची खूण केली. "आप्पा, दुपारपर्यंत ही गप होईल," ती म्हणाली.

मन्मथनं नळी भट्टीच्या अंगाला वेल्डिंगनं जोडली. विशाखानं पोरांना गोळा करून नळी का, एवढीच लांब का, तिचं तोंड बंद का, सगळं फोड करून सांगितलं. आप्पाही मागं हात बांधून ऐकत होते. मग साहेबरावनं पुन्हा पेटवलं.

तोच आवाज. तसूभरही फरक नाही. उलट नळी जोडताना हलली असेल, भट्टीच्या तोंडाजवळची आणखी एक वीट सुटली आणि धप्पकन खाली आली.

बावीस पोरं फरशीकडं बघत होती. मन्मथचा चेहरा पांढरा पडला होता. आप्पांनी हात वर केला, साहेबरावनं गॅस तोडला.

"बस झालं आता मॅडम," आप्पा शांतपणे म्हणाले. "तुम्ही एवढ्या लांबून आलात, उपकार झाले. जेवून जावा. सोमवारी दुसरा बर्नर बसंल."

विशाखाला कानशिलं गरम झाल्यासारखी वाटली. चाळीस मिनिटांपूर्वी आपण फळ्यावर लिहावं तसं ठाम बोललो, तेही पोरांदेखत. पण लाज वाटून घ्यायला वेळ नव्हता. भट्टी काही खोटं बोलत नव्हती. आपला प्रश्नच कुठंतरी चुकला होता.

"आप्पा, सोमवार लांब आहे," ती म्हणाली. "मला उद्या दुपारपर्यंतची मुदत द्या. माझा उपाय चुकला, मन्मथचा बर्नर नाही."

"कशावरून?"

"वर्कशॉपात हा गप होता. बर्नर तोच आहे."

आप्पांनी तिच्याकडं जरा वेळ पाहिलं. चुकल्यावर आवाज खाली न आणणारी माणसं त्यांनी बाजारात पुष्कळ पाहिली होती. पण त्यातली बहुतेक चूक दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची. "बरं," ते म्हणाले. "उद्या दुपार. पोरांची सोय माझ्या मेहुण्याच्या मंगल कार्यालयात करतो. गाद्या हायत तिथं."

संध्याकाळी मंगल कार्यालयाच्या ओसरीवर चहा आला. पोरं कुजबुजत होती. शेवटी वर्षाराणीच पुढं झाली.

"मॅडम, राग नका धरू. तुम्हीबी चुकता?"

"चुकते की," विशाखा म्हणाली. "पण चुकीत किती वेळ राहायचं, ते माझं मी ठरवते. आणा तुमच्या मोजण्या. सगळ्या."

पोरांनी फोन पुढं केले. पहिली मोजणी मन्मथनं बुधवारी पाठवलेली, भट्टी दोन तास चालून तापलेली असतानाची. दुसरी आज सकाळची, थंड भट्टी पेटवल्या पेटवल्या. तिसरी नळी जोडल्यानंतरची.

एकसष्ट. एकसष्ट. एकसष्ट.

विशाखाचा कप ओठापाशीच थांबला.

तिचे वडील आनंदराज नरवाडे मुदखेडला रेल्वेत गँगमन होते आणि रात्रीचे गायन पार्टीत पेटी वाजवायचे. चौदा एप्रिलच्या आसपास तर महिनाभर त्यांचं घरात पाऊल नसे. लहानगी विशाखा त्यांच्या मागं मागं स्टेजपर्यंत जायची. पार्टीत एक क्लॅरोनेटवाला होता. गाणं सुरू व्हायच्या आधी तो मांडवामागं उभा राहून उगाचच नळीत फुंकर मारत बसायचा. तिनं एकदा वडिलांना विचारलं, दादा, हे काका नुसतंच का फुंकून राहिले? वडील म्हणाले होते, "थंड नळी उतरती बोलती बाळा. गरम झाली की सूर चढतो. माझी पेटी काही चढत न्हाई. म्हणून तो आधी तापवून घेतो, न्हाईतर दोघांचं जमायचं न्हाई."

गरम झाली की सूर चढतो. हवा तापली की आवाज तिच्यातून वेगानं धावतो, म्हणून सूर चढतो. भट्टी तर क्लॅरोनेटच्या कितीतरी पट तापते. भट्टीची पोकळी घुमत असती तर पेटवल्या पेटवल्या सूर खाली असायला हवा होता आणि दोन तासांनी खूप वर. इथं तो जागचा हलला नव्हता.

"वर्षाराणी," ती म्हणाली, "तापल्यावर भट्टीचा सूर बदलायला पाहिजे. का बदलला नाही?"

वर्षाराणीनं डोकं खाजवलं. "म्हणजे... जे घुमतंय, ते तापतच न्हाई?"

"बरोबर. मग ह्या सगळ्या सांगाड्यात न तापणारी नळी कुठली?"

विशाखानं मान वळवली. मन्मथ पायरीवर एकटाच बसला होता, चहाला हात न लावता.

"मन्मथ, इकडं ये. वर्कशॉपात आणि इथं काय काय वेगळं आहे? लहानसहान सगळं सांग."

"काहीच न्हाई मॅडम. तोच बर्नर, तीच भट्टी."

"गॅस?"

"तोच."

"ब्लोअर?"

"तोच. फक्त..." तो थांबला. "हितं डाळीचा भुस्सा लई उडतो. ब्लोअरात जायला लागला. म्हणून मी ब्लोअर भिंतीपलीकडं बाहेर बसवला आणि हवेचा पाइप वाढवला. वर्कशॉपात बर्नरला चिटकूनच होता."

"किती वाढवला?"

"आता नऊ-दहा फूट झाला आसंल."

विशाखानं मोबाइलवर हिशेब करायला घेतला, पण तोवर वर्षाराणीचा झालाही होता. "मॅडम, साठ-एकसष्टच येतंय! थंड हवा धरून!"

"भट्टीचा हिशेबही साठच आला होता," विशाखा म्हणाली. "दोन नळ्यांचं उत्तर एकच आलं आणि मी पहिली धरून बसले. भट्टी घुमतच नव्हती. घुमत होता तो हवेचा पाइप. पाइपातली हवा मागंपुढं हलली की ज्वाळेला हवा कमी-जास्त मिळते, ज्वाळा दचकते, आणि ती दचकली की पाइपला परत धक्का. आणि आपण नळी जोडली कुठं? भट्टीला."

मन्मथ एकदम उभा राहिला. "मग ब्लोअर आत आणतो मॅडम. पाइप कापून टाकतो."

"भुस्सा?"

तो परत खाली बसला.

"कापायचा नाही," ती म्हणाली. "आज कापशील, उद्या दुसऱ्या मिलमध्ये भिंत आणखी लांब असेल. पाइप राहू दे. त्याचं आणि ज्वाळेचं बोलणं तोडू. पण आधी सिद्ध करायचं. एकदा घाई केली, आता नाही."

शनिवारी सकाळी आप्पा आले तेव्हा मिलमध्ये पोरांची दोन टोळकी झाली होती. एक आत फोन घेऊन, एक बाहेर ब्लोअरपाशी. मन्मथनं वर्कशॉपातून पाइपचा जादा तुकडा आणून ब्लोअर आणि जुन्या पाइपच्या मध्ये जोडला होता.

"हे काय? आणखी लांब केलात?" आप्पांनी विचारलं. "आवाज बंद करायचा का वाढवायचा?"

"आप्पा, मला चोर पकडायचाय," विशाखा म्हणाली. "चोर ह्या पाइपात असेल तर पाइप लांब केल्यावर त्याचा आवाज जाड होईल. भट्टीला तर आपण हातच लावलेला नाही. आवाज तोच राहिला, तर मी पुन्हा चुकले. मग मी स्वतः तुमच्या डिझेलवाल्याला फोन करते."

"खरं?"

"खरं."

साहेबरावनं पेटवलं. रेडा रेकला, पण हा दुसराच रेडा होता. जाड, खालच्या पट्टीतला. आतून पोरं एका सुरात ओरडली, "सेहेचाळीस!"

आप्पांना आकड्याशी देणंघेणं नव्हतं, पण कान होते. त्यांनी पाइपकडं पाहिलं, भट्टीकडं पाहिलं, आणि कानडीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "बदलला की ओ."

"आता तुकडा काढ," विशाखानं मन्मथला सांगितलं. "आणि जाड पत्र्याची चकती काप. पाइपच्या आतल्या मापाची."

चकतीवर भोकं किती आणि केवढी, हे तिनं पोरांकडून काढून घेतलं. भोकं मोठी ठेवली तर पाइपच्या हालचाली ज्वाळेपर्यंत पोचत राहतील. फार बारीक ठेवली तर ब्लोअरला दम लागेल, हवा कमी पडेल आणि ज्वाळा पिवळी होऊन धूर करेल. दोन्हीच्या मधली जागा शोधायची. पोरं भांडली. एक टोळकं अठरा भोकांवर अडून बसलं, दुसरं चोवीसवर. विशाखानं दोघांनाही ब्लोअरचा दाब मोजायला लावला आणि चोवीसवाल्यांचं बरोबर निघालं. मन्मथनं ड्रिल हातात घेतलं. काम हातात आल्यावर त्याचा चेहरा पूर्ववत झाला. भोकं पाडून त्यानं कडा घासून घेतल्या आणि चकती बर्नरच्या अगदी तोंडाशी, पाइप जोडायच्या दोन फ्लँजांच्या मध्ये आवळून बसवली.

दुपार व्हायला अजून अवकाश होता. डाळ निवडणाऱ्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यातली सिंधुबाई म्हणाली, "मॅडम, आमी भायेरच थांबतो. तुमचं झालं की सांगा."

"थांबा बाहेर. मी पण आधी कानांवर हात ठेवते," विशाखा हसून म्हणाली. पण तिनं हात ठेवले नाहीत.

साहेबरावनं गॅस सोडला. पेटवलं.

भक्क झालं, आणि मग नुसती सू सू. ब्लोअरची घरघर, ज्वाळेची सळसळ. बघायच्या काचेतून निळी ज्वाळा स्थिर दिसत होती. साहेबरावनं कानातला एक बोळा काढला. मग दुसरा.

पोरं टाळ्या वाजवणार तोच विशाखानं बोट वर केलं. "अजून नाही. मन्मथ, हवा वाढव."

"मॅडम, चाललंय ना नीट..."

"वाढव. मला तिला चिडवायचंय."

त्यानं हवा वाढवली. मग कमी केली. गॅस पूर्ण सोडला, निम्म्यावर आणला. बुधवारपासून ज्या ज्या बिंदूवर भट्टी हंबरली होती, त्या प्रत्येकावर विशाखानं तिला नेऊन उभं केलं. भट्टी तापत गेली, तास उलटला. एकदा मध्येच बारीकसा घुमारा उठला; पण तो वाढला नाही, दोन क्षणांत विरून गेला.

"आता वाजवा," ती म्हणाली.

टाळ्या ऐकून बायका आत आल्या. सिंधुबाईनं ड्रायरच्या पत्र्याला हात लावून पाहिला. "लेकरू निजल्यावानी झालं की," ती म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. साहेबरावनं पहिली ओली तूर ड्रायरमध्ये सोडली.

आप्पा काचेतून ज्वाळा बघत होते. मग मागं वळले. "मन्मथ," त्यांनी हाक मारली, "त्या सुटलेल्या विटा आजच बसवून घे. आणि सोमवारी त्या कंपनीवाल्याला तूच सांग, येऊ नको म्हणून. मी काय इंग्रजीत बोलू?"

मन्मथ नुसता 'हाव' म्हणाला. तो भट्टीमागं गेला आणि पान्हा शोधण्याचा बहाणा करत तिथंच जरा वेळ उभा राहिला. विशाखानं पोरांना तिकडं फिरकू दिलं नाही.

जेवणं मिलच्या आवारातच झाली. भाकरी, तुरीच्या डाळीचं वरण, शेंगदाण्याची चटणी. आप्पा स्वतः वाढत फिरत होते. विशाखाच्या ताटापाशी थांबून म्हणाले, "मॅडम, तुमचं काय द्यायचं? संकोच करू नका."

"एक मागू?"

"मागा की."

"दर वर्षी एक आठवडा ही भट्टी माझ्या वर्गाला द्या. पोरं येतील, मोजतील, उघडून बघतील. कॉलेजच्या शेडमध्ये एवढी मोठी ज्वाळा मला कधीच मिळणार नाही."

आप्पांचा हात पळीवरच राहिला. धंद्याचा माणूस, आठवडाभर मिल पोरांच्या हवाली करणं त्यांच्या पोटात लवकर उतरेना. "हंगामात न्हाई जमायचं," ते म्हणाले.

"हंगाम सोडून."

"आणि फुटलं-तुटलं तर?"

"मन्मथ आहे. आता तो माझ्याकडं पीएच.डी.ला नाव घालणार आहे. ही भट्टी त्याच्याच प्रबंधात जाईल."

समोरच्या पंगतीत मन्मथला ठसका लागला. "मॅडम! मी? वर्कशॉप कोण बघंल?"

"वर्कशॉप तूच बघशील. वर्कशॉप सोड असं मी म्हटलंय का? लांब पाइप आणि ज्वाळा यांच्यात काय होतं, हे तुझ्याइतकं पोळून कुणी शिकलेलं नाही. लिहायला मी शिकवते."

"माझं इंग्रजी..."

"आपल्या दोघांचं मिळून पुरेल."

वर्षाराणी मध्येच म्हणाली, "मॅडम, मग त्या निबंधात तुमची पहिली नळीबी टाकणार का? जी चालली न्हाई ती?"

बाकीच्या पोरांनी वर्षाराणीकडं रागानं पाहिलं. विशाखा मात्र खळखळून हसली.

"पहिल्याच पानावर," ती म्हणाली. "आणि ते पान तू लिहायचं. दोन नळ्यांचं उत्तर एकच आलं तर ओळखायचं कसं, हे पुढच्याला कळलं पाहिजे. सोमवारी तासाला कच्चं लिहून आण."

वर्षाराणीचं तोंड पडलं. आप्पांनी तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "खा बाळ," ते म्हणाले, "लिहायला ताकद लागती." मग विशाखाकडं वळून, जणू मधलं काही बोलणं झालंच नाही अशा सुरात त्यांनी विचारलं, "जून चालंल का? जूनमध्ये मिल तशी रिकामीच असती."

"जून चालेल," विशाखा म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला.